मुलांचे दात, उपचारांची भीती आणि वेदना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या दातांवर उपचार करताना पालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, अपवादाचे आणि अडचणीचे शेवटी. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय जोडलेले आहेत तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधांचे डोस माहितीसाठी आहेत. तुमच्या मुलासाठी काय योग्य, हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

१. मुलाला दातांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा कधी न्यायचं? काही दुखत नसताना नेऊन काय उपयोग?

पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत. या वयात तपासणी अगदी छोटी असते. आई किंवा बाबा आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, बाळाचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर आणि पाय पालकाच्या कमरेशी. मिनिटाभरात काम होतं. बाळ रडलं तरी बिघडत नाही, उलट तोंड उघडं मिळतं.

काही दुखत नसताना नेण्यातच खरा फायदा आहे. दाढ ठणकायला लागल्यावर मूल पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलं, तर रात्रभराचं जागरण, अनोळखी खोली, इंजेक्शन आणि वेदना हे सगळं त्याच्या मनात एकत्र बसतं. त्याआधी दोन-तीनदा नुसते दात मोजून घरी गेलेल्या मुलाकडे आठवायला दुसरंही काहीतरी असतं.

२. दुधाचे दात पडणारच आहेत. मग मुलाला एवढा त्रास कशाला द्यायचा?

दुधाचे दात एकूण २०. पुढचे दात साधारण सहा-सातव्या वर्षी पडायला लागतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली असेल, तर ‘पडेल आपोआप’ म्हणून सहा-सात वर्षं वाट पाहावी लागेल. तेवढ्यात कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचते, ठणका लागतो, सूज येते. मूल एका बाजूने चावायला लागतं, झोपेतून उठतं. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा कमी होते.

शिवाय त्रास टाळण्यासाठी थांबलं की त्रास वाढतो. लहान किडीवर कधी इंजेक्शनही लागत नाही (प्रश्न ८). तीच कीड वर्षभराने रूट कॅनालपर्यंत गेलेली असते.

३. माझी मुलगी एरवी धीट आहे. दवाखान्यात मात्र तोंडच उघडत नाही. ती नेमकी कशाला घाबरते?

वयाप्रमाणे कारण बदलतं. तीन वर्षांच्या आतलं मूल आईपासून दूर जायला आणि अनोळखी माणसाला घाबरतं. समजावून सांगण्याचा त्याला फारसा उपयोग नसतो, मांडीवर बसवण्याचा असतो. चार ते सहा वर्षांत कल्पना जोरात धावते. मोठा आवाज, डोळ्यांवरचा दिवा, मास्कमागचा चेहरा यांतून मूल काहीही तयार करतं. शाळकरी वयात भीती नेमकी होते: सुई, रक्त, ‘दुखलं तर कुणी थांबणार नाही’. किशोरवयीन मुलं भीती बोलून दाखवत नाहीत. ती वेळ पुढे ढकलत राहतात.

याशिवाय आडवं पडून तोंड उघडं ठेवणं ही मुळातच असहाय अवस्था आहे. बोलता येत नाही, काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून ‘तोंड उघडत नाही’ याला हट्ट म्हणू नका. स्वतःला वाचवायचा तेवढा एकच उपाय मुलाच्या हातात असतो.

४. जायच्या आधी घरी काय सांगायचं? ‘अजिबात दुखणार नाही’ म्हटलं तर चालेल ना?

नको. त्या वाक्यातला ‘नाही’ लहान मुलाच्या कानात टिकत नाही, ‘दुखणार’ टिकतं. आणि थोडंसं जरी टोचलं तरी तुमचा शब्द खोटा ठरतो. पुढच्या वेळी तुम्ही खरं सांगितलंत तरी ते मूल विश्वास ठेवणार नाही.

खरं सांगा, पण थोडक्यात आणि आदल्या दिवशी. आठवडाभर आधीपासून तयारी करून घेतली की भीतीलाही वाढायला आठवडा मिळतो. ‘उद्या आपण दातांच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. त्या तुझे दात मोजतील आणि आरशात बघतील. मी तुझ्याबरोबर असेन.’ एवढं पुरे. पुढे काय होणार असं मुलाने विचारलं तर ‘ते डॉक्टर दाखवतील, आपण दोघं विचारू’ म्हणा. इंजेक्शन द्यायचं की नाही, ते कसं सांगायचं, हे डॉक्टरांवर सोडा. त्यांचे शब्द ठरलेले असतात आणि तुमचे वेगळे पडले तर मूल गोंधळतं.

दोन गोष्टी मात्र घरात सगळ्यांनीच बंद करायला हव्यात. पहिली, ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी. दुसरी, मोठ्यांनी आपल्या दाढकाढणीच्या हकिकती मुलासमोर रंगवणं. मूल खेळण्यात गुंतलेलं दिसलं तरी त्याचे कान तिकडेच असतात.

बक्षिसाचंही विचारतात. ‘रडला नाहीस तर गाडी देईन’ यातून मुलाला कळतं की पुढे रडण्यासारखं काहीतरी आहे. बक्षीस नंतर द्या, आधी जाहीर न करता. ‘हात पोटावर ठेवलास, फार छान केलंस’ असं नेमकं कौतुक नुसत्या ‘शहाणा मुलगा’पेक्षा जास्त कामाला येतं.

५. मी आत थांबू की बाहेर?

तीन-चार वर्षांपर्यंत आतच. मोठ्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरांशी आधी बोलून ठरवा. आत थांबलात तर शांत राहा आणि बोलणारा माणूस एकच ठेवा. डॉक्टर काही सांगत असताना आई ‘घाबरू नकोस हं’ आणि बाबा ‘मोठं उघड, मोठं उघड’ म्हणू लागले की मुलाला कुणाचंच ऐकू येत नाही. पायावर किंवा गुडघ्यावर हात ठेवून बसणं ही उत्तम सोबत आहे. तुम्हाला स्वतःला सुईची भीती असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघूनच ठरवतं की ही जागा धोक्याची आहे की नाही.

‘आई बाहेर जाते हं’ ही शिक्षा म्हणून वापरली जात असेल तर ते मला मान्य नाही आणि तुम्हीही मान्य करू नका.

६. डॉक्टर पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा मारतात, अवजारं दाखवतात. काम कधी सुरू होणार?

काम सुरू झालेलं असतं. या पद्धतीला ‘सांगा, दाखवा, करा’ म्हणतात. १९५९ मध्ये ती मांडली गेली आणि आजही लहान मुलांच्या दातांच्या उपचारांचा पाया तीच आहे. आधी साध्या शब्दांत सांगायचं, मग मुलाच्या अंगावर धोका नसलेल्या जागी करून दाखवायचं, मग लगेच तोंडात तेच करायचं. सांगितलं त्यापेक्षा वेगळं काहीही करायचं नाही.

प्रत्यक्षात ते असं दिसतं. दात घासायचा फिरता रबरी कप आधी डॉक्टर स्वतःच्या नखावर फिरवतात, मग मुलाच्या अंगठ्याच्या नखावर. ‘गुदगुल्या होतात का?’ पाण्याचा फवारा तळहातावर. पाणी ओढून घेणारी नळी मुलाच्याच हातात देतात आणि पेल्यातलं पाणी ओढायला लावतात. हा आवाज कुठून येतो ते एकदा डोळ्यांनी बघितलं की त्या आवाजाची धास्ती निम्मी होते. मग एक दात. मग थांबायचं.

याच वेळी हाताची खूणही ठरते: डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार. पहिल्यांदा मूल उगाच हात वर करतं, खरंच थांबतात का ते बघायला. तेव्हा थांबलंच पाहिजे. त्या एका थांबण्यावर पुढचा सगळा उपचार उभा असतो.

७. इंजेक्शन दुखतंच ना? ते कमी दुखावं म्हणून काय करता येतं?

थोडं जाणवतं. पण नीट दिलेलं आणि घाईत दिलेलं इंजेक्शन यांत पुष्कळ अंतर आहे. आधी हिरडी कापसाने कोरडी करून तिथे बधिर करणारं जेल लावतात आणि ते निदान एक-दोन मिनिटं ठेवतात. ओल्या हिरडीवर लावून लगेच सुई टोचली तर जेलचा काही उपयोग नाही. औषधाची काचेची नळी अंगाच्या तापमानाला आणलेली असली तर थंड औषधाची चुणचुण कमी होते. सुई बारीक वापरतात, गाल ताणून धरून हलवत राहतात. सगळ्यांत महत्त्वाचं, औषध सावकाश सोडायचं: १ मिलिलिटरला साधारण १ मिनिट. वेदना सुईपेक्षा औषध जोरात आत शिरण्याने जास्त होते.

सुई मुलाच्या नजरेसमोरून नेत नाहीत. पण ‘सुई आहेच नाही’ असंही सांगू नये. ‘दाताला झोपवायचं औषध देते, चिमटा काढल्यासारखं वाटेल, मी दहा मोजेपर्यंत’ हे खरं आहे आणि मुलाला पेलतं. त्या दहा आकड्यांत पायाची बोटं हलवायला सांगणं, हळू श्वास घ्यायला लावणं, गोष्ट सांगत राहणं याने लक्ष वळतं आणि वेदनाही खरोखर कमी जाणवते.

औषधाचं प्रमाण मुलाच्या वजनावर ठरतं. नेहमी वापरल्या जाणाऱ्या लिग्नोकेनची कमाल मर्यादा दर किलोला ४.४ मिलिग्रॅम मानतात. म्हणून वजन विचारलं जातं, ते अंदाजाने सांगू नका.

८. इंजेक्शन आणि ड्रिल न वापरता कीड थांबवता येते का?

बऱ्याच वेळा येते, आणि पालकांना हे माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

पहिला मार्ग म्हणजे ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. किडलेल्या जागी थेंबभर लावतात, मिनिटभराचं काम असतं, वेदना नाही. किडीतले जंतू मरतात आणि मऊ झालेला भाग कडक होतो. किडलेली जागा मात्र कायमची काळी पडते. पुढच्या दातांवर ते नकोसं वाटू शकतं, दाढांवर सहसा चालतं. हे लावलेल्या दाताची अधूनमधून तपासणी लागते आणि बऱ्याचदा औषध पुन्हा लावावं लागतं.

दुसरा, हॉल पद्धत. स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल यांनी रुळवलेली. दुधाच्या दाढेवर कीड न खरवडता, इंजेक्शन न देता, तयार स्टीलची कॅप सिमेंटने बसवतात. कॅपखाली कोंडल्यावर जंतूंना खायला मिळत नाही आणि कीड थांबते. आधी फटीत एक-दोन दिवस छोटं रबर घालावं लागू शकतं, चावताना काही दिवस उंच वाटतं, पण मुलं लवकर सरावतात.

तिसरा, हातातल्या अवजाराने मऊ कीड हळूच खरवडून फिलिंग भरणं.

यांतलं काहीही नसेला संसर्ग झालेल्या दाढेवर चालत नाही. रात्री आपोआप ठणकणारी, हिरडीवर पुळी आलेली किंवा सुजलेली दाढ असेल तर बधिर करून नीट उपचारच हवेत.

९. बधिर केल्यावरही मुलगा ‘दुखतंय’ म्हणून ओरडतो. तो खोटं बोलतोय का?

आधी खरं मानायचं आणि तपासायचं. खूप संसर्ग झालेल्या दाढेभोवतीच्या पेशी आम्लधर्मी होतात आणि तिथे बधिर करणारं औषध कमी चालतं. कधी औषध योग्य जागी पोचलेलं नसतं, कधी तीन ते पाच मिनिटं थांबायच्या आधीच काम सुरू होतं. डॉक्टरांनी थांबावं, वाट बघावी, गरज असेल तर वजनाच्या मर्यादेत पुन्हा औषध द्यावं किंवा काही दिवस संसर्ग कमी करून मग काम करावं.

दाब, कंप आणि आवाज मात्र बधिर करूनही जाणवतात. लहान मुलाला दाब आणि दुखणं वेगळं सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच गालावर बोट दाबून ‘हे ढकलल्यासारखं, एवढं जाणवेल’ असं दाखवून ठेवलेलं बरं. ते दाखवलेलं असूनही मूल दुखतंय म्हणत असेल तर दुखतंय असंच धरून चालायचं. एकदा ‘मी सांगूनही कुणी थांबलं नाही’ हे कळलं की ते मूल मोठेपणीही दातांच्या डॉक्टरकडे जायचं टाळतं.

१०. लाफिंग गॅस म्हणजे पूर्ण भूल का? मूल बेशुद्ध होतं का?

नाही. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. मूल जागं असतं, बोलतं, सांगितलेलं ऐकतं. हातपाय सैल पडतात, वेळ लवकर गेल्यासारखा वाटतो. दंतवैद्यकातला हा वापर १८४४ पासूनचा, होरेस वेल्स यांच्या प्रयोगांपासूनचा आहे. आजच्या यंत्रांत ऑक्सिजन ठरावीक पातळीखाली जाऊ शकत नाही. सुरुवात शुद्ध ऑक्सिजनने होते, गॅस हळूहळू वाढवतात, सहसा ५० टक्क्यांपर्यंत, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटं ऑक्सिजन. त्यानंतर परिणाम लवकर ओसरतो.

गॅस भीती उतरवतो, दाढ बधिर करत नाही. त्यामुळे इंजेक्शन बहुधा लागतंच, फक्त ते सहन होतं. नाक चोंदलं असेल, मूल मास्क ठेवूच देत नसेल, बी-१२ ची कमतरता असेल किंवा नुकतीच कानाच्या आत अथवा डोळ्यांत शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी सांगा. आधी भरपेट खाल्लं असेल तर मळमळू शकतं.

११. गुंगीचं औषध किंवा पूर्ण भूल कधी लागते? ती सुरक्षित आहे का?

फार लहान वय, एकाच वेळी बरेच दात किडलेले, काही विशेष गरजा किंवा बाकी सगळे मार्ग थकल्यावर. तोंडातून दिलेलं गुंगीचं औषध, जसं मिडॅझोलॅम, भीती घालवतं पण प्रत्येक मुलावर सारखं चालत नाही. काही मुलं उलट चिडचिडी होतात. पूर्ण भूल भूलतज्ज्ञच देतात, रुग्णालयात किंवा तशी सोय असलेल्या ठिकाणी, आणि एकाच बैठकीत सगळे दात करून मूल बहुतेकदा त्याच दिवशी घरी जातं.

विचारायचे प्रश्न: भूल देणारे आणि दातांचं काम करणारे डॉक्टर वेगळे आहेत ना? ऑक्सिजनची पातळी आणि नाडी सतत मोजली जाणार का? श्वास अडला तर काय तयारी आहे? समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे जा.

उपाशी राहण्याचा नियम तंतोतंत पाळा: पाण्यासारखे पारदर्शक द्रव २ तास आधीपर्यंत, आईचं दूध ४ तास, वरचं दूध आणि हलकं खाणं ६ तास. जड, तेलकट खाणं त्याहून आधी. ‘बिचारं उपाशी आहे’ म्हणून घासभर भरवलात तर तो घास उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. चुकून काही खाल्लं असेल तर सांगा. त्या दिवशी काम पुढे ढकललं जाईल, एवढंच.

१२. मूल हलतं म्हणून हातपाय धरून उपचार करतात. हे योग्य आहे का?

अचानक हललेल्या हाताने अवजार लागू नये म्हणून क्षणभर हात धरणं वेगळं. रडणाऱ्या मुलाला चौघांनी दाबून, तातडी नसलेलं काम उरकणं वेगळं. यातलं दुसरं करू नये. तोंडावर हात ठेवून रडणं थांबवण्याची जुनी रीत अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने २००६ मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांमधून काढून टाकली आहे. तातडीच्या वेळी धरावंच लागलं तर का, किती वेळ, कोण धरणार हे आधी सांगून तुमची संमती घेतली पाहिजे. तुम्ही ‘आज थांबूया’ म्हणू शकता. बहुतेक किडींना दोन आठवड्यांनी फरक पडत नाही (पडतो तेव्हाचं प्रश्न १८ मध्ये).

१३. घरी आल्यावर मुलाचा ओठ सुजला, पांढरट चट्टा आला. पू झाला का?

बहुधा बधिर झालेला ओठ त्याने चावला आहे. खालच्या जबड्याचा बधिरपणा दाढेचं काम संपल्यावरही दोन-तीन तास राहतो, कधी जास्त. मुलाला तो भाग रबरासारखा वाटतो आणि गंमत म्हणून चावला जातो. दुसऱ्या दिवशी दिसणारा पांढरा-पिवळा थर बहुतेकदा भरून येणाऱ्या जखमेचा असतो. आठवडा-दहा दिवसांत बरं होतं. प्रतिजैविकं लागत नाहीत. ताप आला किंवा सूज वाढत गेली तरच दाखवा.

टाळायचं असेल तर बधिरपणा उतरेपर्यंत खायला देऊ नका आणि झोपू देऊ नका, समोर बसून लक्ष ठेवा.

१४. दुखू नये म्हणून घरी कोणतं औषध द्यायचं?

पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. किंवा आयब्युप्रोफेन, दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी, खाल्ल्यावर. सहा महिन्यांखालच्या बाळाला आयब्युप्रोफेन नको. रक्त न गोठण्याचा त्रास, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय नको. सिरपची बाटली बदलली की चमच्यातलं प्रमाण बदलतं, म्हणून बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते वाचा आणि सोबतच्या मापानेच द्या. पहिला डोस बधिरपणा उतरायच्या आधी दिलेला बरा.

अॅस्पिरिन मुलांना नको, राय सिंड्रोम या मेंदूला आणि यकृताला इजा करणाऱ्या आजाराचा धोका असतो. गोळी कुटून हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. लवंगतेलही थेट लहान मुलाच्या तोंडात सोडू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला बेन्झोकेनचं जेल लावू नका, त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद धोकादायक रीतीने कमी होऊ शकते.

१५. एकदा वाईट अनुभव आला आहे. आता दवाखान्याचं नाव काढलं तरी रडतो. पुन्हा सुरुवात कशी करू?

शून्यापासून. फोनवरच नव्या डॉक्टरांना आधीची हकिकत सांगा, मुलासमोर नको. पहिली भेट फक्त ओळखीची ठेवा, खुर्चीत बसला नाही तरी चालेल. वेळ सकाळची, झोपेची नसलेली. मुलाला विचारा, ‘तेव्हा सगळ्यांत वाईट काय वाटलं?’ उत्तर बहुधा सुई नसतं. पाणी घशात गेलं, श्वास घेता आला नाही, आई दिसत नव्हती, असं काहीतरी असतं आणि ते बदलता येतं. ‘काही नव्हतं झालं, उगाच रडलास’ म्हणू नका. ‘हो, तेव्हा त्रास झाला. या वेळी हात वर केलास की त्या थांबतील’ असं सांगा, आणि डॉक्टरांकडूनही तसा शब्द घ्या.

१६. मुलगी ऑटिस्टिक आहे. स्पर्श, आवाज, दिवा काहीच सहन होत नाही. आम्ही काय करावं?

तिला काय खुपतं याची यादी आधी पाठवा. दिवसातली पहिली वेळ मागा, प्रतीक्षागृहात बसणं टाळा. दरवेळी तीच खोली, तेच डॉक्टर, तोच क्रम. दवाखान्याची छायाचित्रं क्रमाने लावून घरी रोज दाखवता येतात. कान झाकणारे हेडफोन, गडद चष्मा न्या. काही मुलांना एक्स-रेच्या वेळचा जड अॅप्रन अंगावर असला की शांत वाटतं, काहींना तो मुळीच नको असतो. हलका स्पर्श अनेकांना टोचतो, दाबून केलेला चालतो. पाच भेटींत आरसा तोंडात गेला तर ती प्रगती आहे. तेवढा वेळ नसेल, कीड पुढे गेली असेल, तर पूर्ण भूल हा सन्मानाचा मार्ग आहे. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

१७. मुलाला हृदयाचा आजार, दमा किंवा रक्त न थांबण्याचा त्रास असेल तर?

पहिल्या फोनलाच सांगा. काही हृदयविकारांत रक्त येणाऱ्या उपचारांआधी प्रतिजैविकाचा एक डोस द्यावा लागतो, सगळ्यांत नाही. हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र आणा. दमा असेल तर पंप बरोबर ठेवा, घाबरल्यानेही दम लागू शकतो. हिमोफिलियासारख्या आजारात दाढ काढणंच काय, जबडा बधिर करायचं खोल इंजेक्शनही रक्ततज्ज्ञांना विचारून द्यावं लागतं.

१८. मूल तयारच नाही, पण थांबणं धोक्याचं आहे हे कसं ओळखायचं?

गालावर किंवा जबड्याखाली सूज वाढत असेल, ताप असेल, डोळा सुजून मिटत असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, लाळ गळत असेल तर रात्र असली तरी थेट रुग्णालयात जा. पडून पक्का दात मुळासकट बाहेर आला तरीही मिनिटं मोलाची आहेत. दात मुळाला हात न लावता वरच्या टोकाला धरा, जमलं तर लगेच जागेवर बसवा, नाहीतर दुधात ठेवून निघा. दुधाचा दात मात्र परत बसवू नका, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

अशा वेळी ‘सांगा, दाखवा, करा’ला सवड नसते. तरीही काय करणार ते एका वाक्यात सांगता येतं आणि आईचा हात हातात ठेवता येतो. धोका टळल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी, नुसते दात मोजायला मुलाला पुन्हा घेऊन या.